तंबूत शेगडी? आधी अंथरूण काय घालताय ते सांगा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून भंडारदरा, तिथे धरणाकाठी तंबूत एक रात्र. दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगड आणि वर तंबूत दुसरी रात्र. बरोबर 9 वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि वहिनींचं 8 महिन्यांचं बाळ. स्वेटर किती घालायचे, स्लीपिंग बॅग कुठली घ्यायची, आणि रात्री तंबूत कोळशाची छोटी शेगडी ठेवली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं चुकलं तर मुलं रात्रभर कुरकुरतील, हे चुकलं तर सकाळ होणार नाही. शेगडी तंबूत न्यायची नाही. झिप थोडी उघडी ठेवूनही नाही, "फक्त झोपेपर्यंत" म्हणूनही नाही. गॅसची शेगडी, गॅसचा हीटर, सगळ्यांना हेच लागू.

मी गेली 22 वर्षं मुलांची निसर्गशिबिरं घेते, बहुतेक अकोले आणि जुन्नर तालुक्यांत. या काळात नुसत्या थंडीने मुलांना झालेला त्रास मी कमी पाहिला. थंडी घालवायला मोठ्यांनी जे उद्योग केले, त्यांनी झालेला त्रास जास्त. आपल्या सह्याद्रीतला गारठा हिमालयासारखा नाही. भंडारदऱ्याला किंवा गडावर डिसेंबरात पहाटे पारा 8-10 अंशांवर येणं नवं नाही, थंडीची लाट असेल तर त्याच्याही खाली जातो. एवढी थंडी नीट अंथरूण-पांघरूण असेल तर सहज निभते. पण पुण्या-मुंबईची माणसं घाबरतात आणि मग शेकोटी, शेगडी, चार-चार स्वेटर, चमचाभर ब्रँडी असा सगळा सरंजाम सुरू होतो.

शेगडीचं कारण सांगते, म्हणजे बरोबरच्या काकांनी आग्रह धरला तर त्यांनाही सांगता येईल. कोळसा बंद जागेत अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपण समजतो, धूर संपला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. पण धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही, असं नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद, म्हणून त्यांना आधी भोवतं. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या तंबूत रात्री एकच्या सुमाराला एक मुलगी उलट्या करायला लागली. आईवडील म्हणत होते, संध्याकाळची भेळ बाधली. मी आत डोकं घातलं तर पायाशी शेगडी, आणि वडिलांना स्वतःला उठून बसता येईना. सगळ्यांना ओढून बाहेर काढलं आणि गाडीत घालून ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात पोचवलं. मुलगी वाचली. बाहेरच्या हवेत आल्यावर बरं वाटलं तरी दवाखाना टाळायचा नाही, हे त्या रात्री तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. तंबूत थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. स्लीपिंग बॅगेतली हवा आपल्याला ऊब देते, पण आपण जिच्यावर झोपतो ती बाजू वजनाने चेपते आणि तिथे हवाच उरत नाही. मग पाठ, कुल्ले, खांदे थेट जमिनीला ऊब देत राहतात, रात्रभर. म्हणून तुमचं बजेट आणि गाडीतली जागा आधी अंथरुणावर खर्च करा, पांघरुणावर मागून.

मी थर असे लावते. तंबूखाली ताडपत्री, तिची कड तंबूच्या बाहेर डोकावणार नाही अशी दुमडलेली, नाहीतर दव तिच्यावर पडून ओघळत खाली येतं. तंबूत आधी फोमच्या मॅट, प्रत्येकाला दोन. भाड्याच्या तंबूबरोबर मिळणारी बोटभर जाडीची एक मॅट मुलांना पुरत नाही. मॅटवर घोंगडी आणि मग बॅग. घरी जुनी लोकरीची घोंगडी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, ठिणगी पडली तर चटकन पेटत नाही. गोधडी मात्र सुती असते, पहाटेपर्यंत दमट होते, ती वरच ठेवा. हवा भरायच्या गाद्यांवर भरवसा ठेवू नका. आतली हवा खेळती राहते आणि गादी खालच्या जमिनीइतकीच गार होते. नेलीच तर तिच्यावर फोम घाला.

एक गावठी युक्ती. डिसेंबरात त्या भागात भाताची झोडणी झालेली असते आणि घराघराशी पेंढ्याची गंज रचलेली असते. दोन भारे मागून घ्या, पैसे द्या, आणि तंबूच्या खाली, ताडपत्रीच्याही खाली पसरा. तंबूच्या आत नको, धुळीने मुलं शिंकतात. आणि जवळपास शेकोटी नको. सकाळी पेंढा परत करा, तो गुरांचा चारा आहे. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा पेंढा देणाऱ्या मावशींनी विचारलं होतं, "गुरं कुठं बांधलीत?"

बॅगेचं थोडक्यात. बॅगेवर दोन आकडे असतात, त्यातला "कम्फर्ट" बघा. खालचा मर्यादेचा आकडा म्हणजे धडधाकट मोठा माणूस कशीबशी रात्र काढेल, एवढाच. दोन्ही आकडे मोठ्या माणसांसाठी मोजलेले असतात, मुलांसाठी नाही. तुमच्या सहलीला कम्फर्ट 5 अंशांच्या आसपास असलेली बॅग पुरे. भाड्याची बॅग वर्षानुवर्षं कोंबून ठेवलेली असते, तिच्यावर "0 अंश" लिहिलेलं असलं तरी आत दुलई घालाच. साडेतीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांची बॅग दिलीत तर पायाखाली अर्धी बॅग रिकामी राहते आणि ती रिकामी जागा त्याचं अंग तापवत बसतं. उरलेला भाग खाली दुमडून दोरीने बांधून टाका.

तंबू कुठे लावता यावरही बरंच अवलंबून आहे. धरणाच्या पाण्याला अगदी लागून तंबू लावला की फोटो छान येतात. पण रात्री गार हवा जड होऊन खोलगटात उतरते, दवही तिथेच जास्त. महाबळेश्वरला गावापेक्षा वेण्णा तलावाकाठी पारा खाली असतो आणि दव गोठल्याच्या बातम्या तिथूनच येतात, त्याचं कारण हेच. पाण्यापासून थोडं वर, वाऱ्याला आडोसा असलेली जागा घ्या. मोकळ्या माळापेक्षा झाडाखाली दव कमी पडतं, मात्र वर सुकी फांदी किंवा मोहोळ नाही हे उजेडात बघून घ्या. साडेतीन वर्षांचं मूल बरोबर असताना पाण्यापासून लांब राहायला आणखी वेगळं कारण लागत नाही.

आता स्वेटर. इथे माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत पाचनईहून चढताना पहाटे मी एका 10 वर्षांच्या मुलाला तीन स्वेटर घालू दिले, कारण त्याच्या आईला मी शब्द दिला होता. तासाभरात तो आतून घामाने भिजला. स्वेटर काढायला तयार नव्हता. आईने सांगितलंय, म्हणाला. दुपारी गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत सगळी मुलं पिंडीला प्रदक्षिणा घालायला पाण्यात उतरली. ते पाणी भर उन्हाळ्यातही पाय बधिर करतं. हा कमरेपर्यंत भिजला, तसाच आमच्याबरोबर कोकणकड्यावर सूर्यास्ताला आला. कड्यावर खालून वर वारा येतो. परतताना तो सारखा ठेचकाळायला लागला. मी म्हटलं, दमलाय. मग बुटाची लेस बांधायला वाकला आणि बोटांनी त्याला गाठच मारता येईना. मला विचारत होता, "बाई, आपण कुठे चाललोय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हवा काही फार थंड नव्हती, 12-13 अंश असेल. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढतं, आणि वर वारा. गारठा लागायला बर्फ लागत नाही.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. चढताना मूल किंचित गार वाटावं इतकेच कपडे. थांबलं की लगेच वरचा स्वेटर किंवा वाराबंद जाकीट. घाम येण्याच्या आधी काढायचं, काकडण्याच्या आधी घालायचं. आणि प्रत्येक मुलाचा एक झोपेचा कोरडा जोड, आतले कपडे, पायजमा, सैल मोजे, कानटोपी, हे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचं. दिवसा कितीही भिजलं, कितीही रडलं तरी ती पिशवी तंबूत शिरल्याशिवाय सुटत नाही. मोजे घट्ट नकोत, दोन जोड कोंबले तर पाय आणखी गार पडतात. मफलर आणि नाडीवाली टोपी झोपताना नको, गळ्याभोवती आवळू शकते.

तुमचा साडेतीन वर्षांचा मुलगा गड चढताना बराच वेळ बाबांच्या पाठीवर असणार. बाबांना घाम फुटलेला असतो, त्यांना वाटतं पोरालाही उकडत असेल. ते मात्र न हलता बसलेलं असतं, पाय लोंबकळत, वाऱ्यात. त्याला बाबांपेक्षा एक थर जास्त घाला, आणि दर अर्ध्या तासाला खाली उतरवून चालवा.

मुलाला थंडी वाजतेय का, हे ओळखायचं कसं? "थंडी वाजतेय का रे?" असं विचारून उपयोग नाही. खेळात असलं तर "नाही" म्हणेल, कंटाळलं असलं तर "हो". हातपाय गार लागले तरी घाबरू नका, ते मुलांचे असतातच. मानेमागे, कॉलरच्या आत दोन बोटं घाला. उबदार आणि कोरडं, म्हणजे ठीक. ओलं, म्हणजे जास्त झालंय, एक थर काढा. गार, म्हणजे घाला. मी पहाटे तीन-चारच्या सुमाराला एकदा उठते, कारण तेव्हापासून उजाडेपर्यंत गारठा सर्वांत जास्त. माना तपासते, आणि मूल मॅटवरून घरंगळून तंबूच्या कापडाला चिकटलंय का ते बघते. निम्म्या वेळा चिकटलेलंच असतं. कापडाच्या आतल्या बाजूला आपल्या श्वासाचं पाणी साचतं आणि बॅग ओली होते. म्हणून मुलं मधे, मोठी कडेला. आणि कितीही गारठा असला तरी तंबूच्या वरच्या जाळ्या पूर्ण बंद करायच्या नाहीत.

बॅग ऊब तयार करत नाही, असलेली राखते. गारठलेलं मूल बॅगेत घातलं तर ते गारठलेलंच राहतं. म्हणून झोपण्याआधी पोटभर गरम जेवण, पिठलं-भाकरी किंवा तूप घातलेली खिचडी. मग दहा मिनिटं पकडापकडी, घाम येणार नाही इतकीच. मग शू. त्यानंतर कोरडा जोड आणि सरळ बॅगेत. भरलेलं मूत्राशय गरम ठेवायला अंगाची ऊब खर्ची पडते असं ट्रेकमधली माणसं छातीठोकपणे सांगतात, ते मला पटत नाही. पण रात्री दोनला मूल बॅगेबाहेर काढावं लागणं किंवा बॅगेतच कार्यक्रम होणं, ही दोन कारणं मला पुरेशी आहेत. उशाशी तिळगुळाची वडी किंवा डिंकाचा लाडू ठेवा. पहाटे गारठून जागं झालेलं मूल अर्ध्या लाडवावर पुन्हा झोपतं.

गरम पाण्याची बाटली चालते, पण उकळतं पाणी नको. स्टीलच्या बाटलीत हात लावता येईल इतपत गरम पाणी, बाटली उलटी करून झाकण गळत नाही ना ते तपासायचं, बाटली जाड मोज्यात घालायची आणि झोपण्याआधी बॅगेत पायाशी ठेवायची. मुलीच्या बॅगेत राहू दे, मुलाच्या बॅगेतून तो आत शिरताना काढून घ्या. झोपलेल्या लहान मुलाची कातडी नुसत्या गरम वस्तूनेही तासाभरात भाजते.

ब्रँडी नको. एक चमचाही नको, छातीला चोळायलाही नको. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. शिवाय लहान मुलांची साखर धोकादायक खाली येऊ शकते. कापूर घातलेलं तेलही बाळापासून लांब ठेवा, तो पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

शेकोटीबद्दल. हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत आहे. शेकोटी आणि मुक्काम दोन्हीचे नियम वनखातं वेळोवेळी बदलतं, तेव्हा निघण्याआधी पाचनईत फोन करून विचारा. परवानगी असली तरी माझा शेकोटीला उत्साह कमी. पुढून भाजतं, पाठ गारठते, आणि मुलांच्या चकचकीत जाकिटांवर एक ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. खरा धोका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. रात्री मोठी माणसं शेकोटीवर माती लोटून झोपायला जातात. मातीखाली निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात, वरून दिसते ती गार राख. सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या आधी उठतं ते लहान मूल, अनवाणी. विझवायची ती पाण्याने, ढवळून, पुन्हा पाण्याने, आणि हाताची उलटी बाजू वर धरून झळ लागत नाही तोपर्यंत. भाजलंच तर 20 मिनिटं गार पाण्याची धार. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

गारठा बाधू लागला हे कसं कळेल? कुडकुडणं वाईट नाही, अंग आपलं काम करतंय. मूल चिडचिडं होतं, मग हट्टाने बसून राहतं, बोटांनी झिप लागत नाही, बोलणं जड होतं. आणि कुडकुडणं थांबलं, मूल शांत झालं, म्हणजे "बरं झालं, निजलं" असं समजू नका, तीच काळजीची वेळ. ओले कपडे सगळे काढा, अंग टिपा, कोरडे घाला, टोपी घाला, जमिनीपासून वर उचला आणि स्वतःच्या उघड्या अंगाशी धरून दोघांवर पांघरूण घ्या. नीट गिळत असेल तर गोड गरम पाणी किंवा दूध, घोटघोट. हातपाय चोळायचे नाहीत, शेकोटीपाशी न्यायचं नाही. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, आडवं ठेवा आणि 108 लावा. गडावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून खाली गावातल्या कोणाला तरी तुमचा परतीचा दिवस आणि वेळ सांगून ठेवा. सकाळी बूट घालण्याआधी झटकायचे, विंचवासाठी. आणि रात्री शू लागली तर 9 वर्षांच्या मुलीनेही एकटीने जायचं नाही. हा सगळा पट्टा बिबट्याचा आहे.

आता बाळ. इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. 8 महिन्यांच्या बाळाला मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब तयार करता येत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ऊब भराभर जाते. पांघरुणं वाढवावीत तर चेहऱ्यावर येऊन गुदमरण्याची भीती. आईच्या स्लीपिंग बॅगेत घ्यावं तरी तीच भीती. शिवाय गारठलेलं बाळ रडत नाही, शांत होतं, दूध ओढत नाही, आणि गाल छान गुलाबी दिसतात, म्हणून घरच्यांना वाटतं मस्त झोपलंय. गडावर मध्यरात्री हे लक्षात आलं तर तुम्ही डॉक्टरपासून अंधारातल्या दोन-तीन तासांच्या उतारावर असता. माझ्या शिबिरात मी एक वर्षाखालचं मूल थंडीत तंबूत झोपवू देत नाही.

तुमच्या जागी मी बेत असा बदलेन. भंडारदऱ्याची रात्र तंबूत काढा, गाडी शंभर पावलांवर हवी. वहिनी आणि बाळ त्याच रात्री भिंतींच्या खोलीत. दुसऱ्या रात्री पाचनईत कोणाच्या तरी घरी मुक्काम करा, जेवणाची सोयही तिथेच होते, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून मोठी दोन मुलं, तुम्ही दोघं गड बघून उजेडी खाली या. वहिनींना आणि बाळाला त्या दिवशी पाचनईतच ऊन खात बसू दे. गडावरची तंबूतली रात्र मुलगा सहा-सात वर्षांचा झाल्यावर.

आणि निघायच्या आधीच्या शनिवारी गच्चीवर तंबू लावून सगळ्यांनी एक रात्र काढा. पुण्याची डिसेंबरातली रात्र रंगीत तालमीला पुरेशी गार असते. बॅगेची झिप कुठे अडकते, मॅट किती कमी पडते, मुलगी अंधारात तंबू आतून उघडू शकते का, हे सगळं तिथे कळेल. मुलगा रात्री दोनला "घरी जायचं" म्हणाला तर एक जिना उतरायचा आहे. तो नक्की कशासाठी उठला, गारठ्याने, शू लागली म्हणून, की आजीची उशी राहिली म्हणून, ते लिहून ठेवा आणि त्याप्रमाणे सामान भरा.